कौसल्याबाईंचा धुरा

कौसल्याबाई मेश्रामांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाषण देत होतो. मला भाषण देताना पाहिलेल्या माणसांचं माझ्याविषयीचं मत सहसा चांगलं होत नाही. कौसल्याबाईंचं तर पुढचे दोन हंगाम झालं नाही.

नागपूरबाहेर बेसा ओलांडून पुढे गेलं की फ्लॅटच्या जाहिराती संपतात आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सुरू होते, तिथे आमच्या कंपनीचं प्रयोगाचं शेत होतं. कंपनी पुण्याची, मी नाशिककडचा, द्राक्षांत वाढलेला. फवारणीतलं आपल्याला सगळं कळतं अशा थाटात मी नागपुरात उतरलो होतो. काम होतं पानगळीच्या औषधाचं. कपाशीची बोंडं फुटली की हे औषध फवारायचं. मग काही दिवसांत झाड आपण होऊन पानं टाकतं आणि काळ्या काड्यांवर नुसता पांढरा कापूस उभा राहतो. वेचणी लवकर उरकते, कापसात पानांचा चुरा येत नाही, आणि पुढेमागे यंत्रानं वेचायचं झालं तरी पानं आड येत नाहीत. कागदावर सगळं फार सुंदर होतं.

वेचणीला ज्या बाया यायच्या त्यांच्या मुकादम कौसल्याबाई. गावोगावच्या शेतांत बाया जमवून न्यायच्या, कुठे जायचं, कुठे नाही हे ठरवायचं, संध्याकाळी सगळ्यांना मोजून घरी पोचवायचं, हे मुकादमाचं काम. त्यांच्या हाताखाली अकरा बाया होत्या. पाच फुटांच्या आतली उंची, साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, आणि समोरच्या माणसाकडे जरा खालून पण पूर्ण पाहायची सवय. त्या पाहण्यानं माणूस आपल्या शर्टाची बटणं तपासायचा.

मी त्या दिवशी सुरक्षेवर बोलत होतो. टेबलावर प्लास्टिकचा पांढरा अंगभर पोशाख, रबरी हातमोजे, चष्मा, तोंडावरचा मुखवटा मांडला होता. वेचणाऱ्या बायांनीही हे सगळं वापरावं असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत. कौसल्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, थे कपडे तू घालून पाह्यले का?"

"म्हणजे, ट्रेनिंगमध्ये..."

"इथं घालून पाह्यले का? पऱ्हाटीत?"

दुपारचे साडेबारा झाले होते. नोव्हेंबर असला तरी नागपूरचा दुपारचा नोव्हेंबर म्हणजे नाशिकचा एप्रिल. पण माझ्या हाताखालच्या लोकांसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. मी पोशाख चढवला, कमरेला कापूस भरायची ओटी बांधली आणि ओळीत शिरलो. अकरा बाया बाभळीच्या सावलीत अशा बसल्या जसा तमाशाचा फड लागलाय. अर्ध्या ओळीत माझा चष्मा आतून पाणावला. पाऊण ओळीला मी बोंडाऐवजी स्वतःचंच बोट ओढत होतो. बाहेर आलो तेव्हा पोशाखातून घाम अक्षरशः निथळत होता.

"पंधरा मिनिटं झाली गा साहेब," कौसल्याबाई म्हणाल्या. "आमी आठ घंटे करतो."

बाया हसल्या. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्याइतकी ताकद उरली नव्हती. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि माझं भाषण स्वतःच पूर्ण केलं. "फवारणाऱ्याले प्लास्टिक पाह्यजे, थे बी सकाळी सकाळी. वेचणारीले पूर्ण बाहीचा शर्ट अन् हातात कपड्याचे मोजे, बस. अन् सगळ्यात मोठा कपडा म्हणजे दिवस. फवारल्यावर दिवस जाऊ द्या लागते. थो कपडा तुह्या टेबलावर नाही दिसला मले."

माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणात हा मुद्दा शेवटून दुसऱ्या स्लाइडवर होता.

त्या दिवसांचा हिशेब कौसल्याबाईंनी कधी कुणावर सोपवला नाही. फवारणी झाली की त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक काठी रोवायच्या आणि तिला जुन्या लाल पातळाचा तुकडा बांधायच्या. औषधाच्या कागदावर जितके दिवस थांबायला सांगितलेलं असेल तितके दिवस ते पातळ तिथे फडफडायचं. वर आणखी एक दिवस. हा जादा दिवस कुठून आला, असं मी पहिल्या हंगामात विचारलं.

"कागदाचे दिवस कागदाचे. हा माहा."

पातळ त्याच बांधणार, त्याच सोडणार. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. आमचा फवारणीवाला गुलाब, चाळिशीचा चांगला दणकट गडी, एकदा वाऱ्यानं सुटलेली गाठ नीट करायला गेला तर त्या लांबून ओरडल्या, "गुलाब, हात काढ." त्यानं असा हात मागे घेतला की जणू विजेची तार आहे.

एवढी कडक शिस्त मला तेव्हा थोडी नाटकी वाटायची. ती कशामुळे आली ते एका दुपारी चहा घेताना कळलं. काळा चहा, कारण दूध सकाळीच फाटलं होतं. समोरच्या रस्त्यावरून दुसऱ्या एका मुकादमाच्या, बबनच्या, बाया टेम्पोतून चालल्या होत्या. टेम्पोच्या कडेला बसलेली एक लांबट चेहऱ्याची बाई आमच्याकडे न बघता, मुद्दाम न बघता, निघून गेली. कौसल्याबाई टेम्पो वळेपर्यंत तिकडे बघत राहिल्या.

"माही जाऊ हाय," त्या म्हणाल्या. "विमल. पयले माह्यासंगच वेचाले ये."

मग त्यांनी सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, इथली नाही, लांबच्या एका शेतातली. "सकाळी आटोतून उतरलो. म्या पानाले हात लावला. पान ओलं होतं. मालकाले इचारलं, फवारलं का गा? थो म्हणे, चार दिवस झाले. म्या म्हटलं, मंग दव असन. दवच म्हटलं म्या, साहेब. पंधरा बाया माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या, एवढ्या दूर आल्या होत्या, अन् म्या म्हटलं, चला. विमल सगळ्यात पुढं होती. थे माह्याहून फास्ट वेचते."

दुपारपर्यंत विमलची मान, हात लाल झाले आणि दोन्ही डोळे सुजून बंद झाले. मालकानं आदल्या संध्याकाळीच फवारलं होतं. चार दिवस दवाखान्यात काढून विमल बरी झाली. फक्त डावा डोळा उन्हात अजून गळतो. दोघींचं घर एकाच अंगणात, नळ एक, कपडे वाळायची दोरी एक. पण त्या दिवसापासून विमल कौसल्याबाईंशी बोललेली नाही आणि त्यांच्या मागे कुठल्या शेतात गेलेली नाही.

"शिवी बी नाही दिली तिनं मले. देल्ली असती तं बरं झालं असतं," कौसल्याबाई म्हणाल्या. कप जमिनीवर ठेवला. "मले काही नाही पाह्यजे, साहेब. तिनं एकदा माह्या मांगं वावरात यावं. बस."

नागपुरात शेताला वावर म्हणतात हे मला तोवर माहीत झालं होतं. पण त्या शब्दात एवढं सगळं मावतं हे तेव्हा कळलं.

याचा अर्थ कौसल्याबाई दिवसभर दुःखात असायच्या असा कुणी घेऊ नये. त्या फार मजेच्या बाई होत्या आणि दुसऱ्याची फजिती करण्यात त्यांना मनापासून आनंद व्हायचा. वारा कुठून वाहतोय हे बघायला कंपनीनं मला एक यंत्र दिलं होतं, वाटीवाटीचं, गरगर फिरणारं, वर दिशेचा बाण असलेलं. कौसल्याबाई आभाळाकडे बघायच्या. विमानतळ जवळच, मिहानच्या अंगाला. सकाळची विमानं आमच्या डोक्यावरून जायची. "विमान वाऱ्याच्या तोंडात उतरते," त्या म्हणायच्या. "आज त्या अंगाले तोंड करून उतरून राह्यलं, म्हणजे वारा तिकडून. आपलं औषध शेजारच्या तुरीवर जाईन. आज नाही." तूर फुलोऱ्यावर असताना पानगळीच्या औषधाचे थेंब उडून गेले तर शेजाऱ्याची तूर उघडी पडायची. मी यंत्र लावून बघायचो. वारा तिकडूनच असायचा. तिसऱ्या हंगामापर्यंत यंत्र कपाटात गेलं होतं आणि मीही आभाळाकडे बघत होतो.

औषधाचे डबे रिकामे झाले की तीनदा धुऊन, गुलाबकडून विळ्यानं त्यांना भोकं पाडून घ्यायच्या, स्वतः समोर उभ्या राहून. कारण डबा चांगला दिसला की तो कुणाच्या तरी घरी रॉकेल ठेवायला जातो आणि तिथून पाणी भरायला. आणि कुणी "काही होत नाही हो बाई" असं म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा.

"कोणाले?"

नुसता एक शब्द. तुम्ही म्हणून बघा. काही होत नाही. कोणाले? तोंड आपोआप बंद होतं.

खर्ऱ्याची गोष्ट तर आमच्या कंपनीत अजून सांगतात. नागपुरात माणूस जेवणाशिवाय राहील, खर्ऱ्याशिवाय राहणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासायचं आणि दिवसभर चिमूट चिमूट तोंडात टाकायची. फवारणाऱ्याच्या हातावर औषध असतं आणि तोच हात तोंडात जातो. म्हणून फवारणीच्या सकाळी कौसल्याबाई बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन शेताच्या वाटेवर बसायच्या. प्रत्येकानं आपली पुडी त्यात टाकायची, काम संपून साबणानं हात धुतले की परत न्यायची. गुलाबनं पहिल्या दिवशी एक पुडी दिली आणि दुसरी पायमोज्यात लपवली. कौसल्याबाई फक्त म्हणाल्या, "गुलाब, जरा पाय आपट." गुलाबनं आपटला. "दुसरा." दुसरा आपटायच्या आतच त्यानं पुडी काढून दिली.

पुण्याहून आमचे मोठे साहेब, पाटणकर, दर हंगामात एकदा यायचे. त्यांचा पानमसाला इंग्रजी अक्षरांच्या चांदीच्या डबीत असायचा. फवारणी बघायला ते गाडीतून उतरले आणि सरळ निघाले. कौसल्याबाईंनी बिस्किटाचा डबा पुढे केला.

"हे काय?" पाटणकर म्हणाले.

"टाका साहेब."

"अहो बाई, मी फवारणार नाहीये. मी फक्त बघणार."

"बघणारा बी हात लावते. मांगच्या वर्षी तुमी पंप उचलून पाह्यला होता, किती वजन हाय म्हणून."

हे खरं होतं. पाटणकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबकडे पाहिलं. गुलाबच्या चेहऱ्यावर जगातला सगळा आनंद गोळा झाला होता. शेवटी चांदीची डबी बिस्किटाच्या डब्यात, सात खर्ऱ्याच्या पुड्यांमध्ये, विसावली. दोन तासांनी पाटणकर पंपापाशी वाकून नोझल बघत होते तेव्हा त्यांचा हात सवयीनं खिशात गेला आणि रिकामा परत आला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यावर औषधाचा ओला डाग होता. त्या दिवसापासून ते मला फोनवर "तुमच्या कौसल्याबाई" न म्हणता "कौसल्याबाई" म्हणू लागले.

आता माझी स्वतःची फजिती सांगितली नाही तर गुलाब माफ करणार नाही. कौसल्याबाईंना वाचता येत नसे. म्हणून दर फवारणीआधी औषधाच्या डब्याबरोबरचा कागद मी मोठ्यानं वाचायचा, असा त्यांचा नियम. तो कागद तुम्ही पाहिला असेल. डाक तिकिटाएवढ्या घडीतून चादरीएवढा निघतो, दहा भाषांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मात्रा किती, पाणी किती, विषबाधेची लक्षणं काय, उतारा काय, किती दिवस शेतात जायचं नाही. बाया आणि फवारणीवाले गोल बसायचे आणि मी कीर्तनकारासारखा मधे. पहिल्या हंगामात मी चिडायचो. कागद तोच, औषध तेच. कशाला पुन्हा पुन्हा? पण दुसऱ्या हंगामापर्यंत मला तो पाठच झाला. मग काम सोपं झालं. कागद समोर धरायचा आणि म्हणायचं.

एका सकाळी मी असाच मात्रेपाशी आलो होतो. कौसल्याबाईंनी हात वर केला.

"थांब गा साहेब. तू वाचून नाही राह्यला."

"म्हणजे? वाचतोय की."

"बोलून राह्यला. तुहे डोये कागदावर फिरून नाही राह्यले. माहा नातू पाढे म्हणते ना, तसं म्हणून राह्यला तू. नीट वाच."

बाया फिदीफिदी हसल्या. मी वैतागून कागदाकडे नीट पाहिलं, त्यांना खोटं ठरवायचं म्हणून. आणि मला घाम फुटला. नवीन माल आला होता. डबा तोच, नाव तेच, रंग तोच. पण औषध तीव्र केलं होतं आणि मात्रा निम्मी छापली होती. मी पाठ म्हणालो ती जुनी मात्रा होती. ती टाकली असती तर गुलाबच्या पाठीवर दुप्पट तीव्र औषध बसलं असतं. आणि झाडाचं म्हणाल, तर ह्या औषधाची गंमत अशी की जास्त झालं तर पानं गळत नाहीत. झाड घाबरून जागच्या जागी वाळतं आणि पानं करपून चिकटून बसतात. अख्खा प्रयोग मातीत गेला असता आणि त्याबरोबर मीही.

मी खरं काय ते सांगितलं. लपवायला जागाच नव्हती. कौसल्याबाईंनी मला झापलं नाही. गुलाबला म्हणाल्या, "साहेबाले पाणी दे." मग मला, "आता पहिल्यापासून वाच."

मी पहिल्यापासून वाचलं. आजही मी कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो पहिल्यापासून वाचतो. माझे सहकारी ह्यावरून मला हसतात आणि मी त्यांना हसू देतो.

तिसरा हंगाम माझा तिथला शेवटचा. त्या वर्षी कपाशी अशी आली होती की बघत राहावं. पाटणकरांनी मोठा कार्यक्रम ठरवला. गिरण्यांचे लोक, बियाण्यांचे लोक, बाहेरच्या राज्यातले दोन शास्त्रज्ञ. पानगळ झालेल्या शेतात वेचणी कशी झपाझप होते ते त्यांना दाखवायचं. मांडव, खुर्च्या, तर्री पोह्यांची मोठी पातेली, सगळं ठरलं. तारीख फवारणीच्या रजिस्टरावरून काढली होती.

घोटाळा इतकाच की विहिरीजवळच्या खोलगट तुकड्यात पानं पडलीच नव्हती. थंड, ओलसर जागा. मी गुलाबकडून तेवढ्या तुकड्यावर दुसऱ्यांदा फवारून घेतलं आणि रजिस्टरात समासात बारीक अक्षरांत टिपून ठेवलं. समासातलं पुण्यात कोण वाचतं? कौसल्याबाई त्या दिवशी धुऱ्यावरच बसल्या होत्या. त्यांनी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. हे पाटणकरांना मी सांगायला हवं होतं. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. भ्यालो होतो, दुसरं काय.

कार्यक्रमाच्या सकाळी लाल पातळ धुऱ्यावर होतं आणि त्याच्याखाली पालथ्या बादलीवर कौसल्याबाई बसल्या होत्या. त्यांच्या अकरा बाया मागे उभ्या, थोड्या चुळबुळत. पाटणकर इस्त्रीच्या शर्टात लगबगीनं आले.

"कौसल्याबाई, कागदाचे दिवस परवाच संपलेत."

"इहिरीपाशी दुसऱ्यांदा मारलं ना साहेब. तिथचे नाही संपले. दोन बाकी हाय. माहा दिवस तुमाले सोडला, जा. पण कागदाचे दोन मले द्या."

"तो तुकडा तेवढा सोडून वेचा ना!"

त्यांच्यातलीच एक बाई हळूच म्हणाली, "हाव ना मावशी, आपण इकडून वेचू." कौसल्याबाई वळल्या. "ओटी भरत आली का पाय आपोआप पुढं जाते वं. बोंड पाह्यतं का इहीर पाह्यतं तू? कोण थांबन तिथं?"

"अहो, एवढासा तुकडा आहे," पाटणकर म्हणाले. "काही होत नाही."

"कोणाले?"

पाटणकरांनी मग तोंड फिरवून खिशातून फोन काढला. अर्ध्या तासात बबन मुकादमाचा टेम्पो आला. बाया उतरल्या. त्यात विमल होती. मी कौसल्याबाईंकडे पाहिलं. तीन हंगामांत मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आता त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते. दुसऱ्यांदा त्याच बाईला त्यांच्या डोळ्यांसमोर ओल्या वावरात नेणार होते, आणि ह्या वेळी त्यांना अडवायचा काही अधिकार नव्हता. अधिकार बबनचा होता.

"चला वं, चला," बबन म्हणाला. "मोठे साहेब थांबून राह्यले."

बाया धुऱ्यापर्यंत आल्या. विमल सगळ्यात पुढे होती. ती लाल पातळापाशी थांबली. जावेकडे तिनं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, डाव्या डोळ्यातलं पाणी पदरानं टिपलं आणि विचारलं,

"साहेब, पातळ सोडलं नाही अजून. दुसऱ्यांदा मारलं का?"

पाटणकर माझ्याकडे बघत होते. मांडवात पोह्यांची फोडणी चरचरत होती. खोटं बोलायची मला फार सोय होती.

"हो," मी म्हणालो. "विहिरीपाशी मारलंय. दोन दिवस बाकी आहेत."

विमलनं मान हलवली. मग ती धुऱ्यावरच खाली बसली, कौसल्याबाईंपासून चांगली दहा हात लांब. ती बसली तशा बबनच्या बाकीच्या बायाही एकेक करून बसल्या. मग कौसल्याबाईंच्या अकराजणीही बसल्या. बबन थोडा वेळ एकटाच उभा राहिला आणि नंतर तोही बसला, कारण एकट्यानं उभं राहून करायचं काय?

पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र शेताच्या कडेला बायांची एक लांबच लांब रांग शांतपणे बसली होती. कापसाला कुणी हात लावत नव्हतं. पाटणकरांचं मात्र कौतुक करायला हवं. त्यांनी एक क्षण डोळे मिटले, उघडले, आणि हात पसरून पाहुण्यांना म्हणाले, "या, या! आज आम्ही तुम्हाला वेचणी दाखवणार नाही. आज आम्ही थांबणं दाखवतोय." पाहुणे फार प्रभावित झाले. शास्त्रज्ञांनी लाल पातळाचे फोटो काढले. कंपनीच्या वार्षिक अहवालात ते पातळ 'सूचना ध्वज' म्हणून छापलं गेलं आणि त्याच्या कल्पनेचं श्रेय पुणे कार्यालयाला मिळालं. गुलाबनं त्या दिवशी चार प्लेट तर्री पोहे खाल्ले.

कौसल्याबाईंनी ह्यातलं काही पाहिलं नाही. त्या दहा हात लांब बघत होत्या. दुपारी टेम्पो भरून निघाला आणि विमल एक शब्दही न बोलता निघून गेली. त्या दिवशी कौसल्याबाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही.

माझ्या बदलीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. शिक्षा म्हणून नव्हे, बढती होती, पण पाटणकरांनी ती जरा जोरात दिली एवढंच. वेचणीच्या सकाळी माझं सामान गाडीत भरलेलं होतं. निरोप घ्यायला मी शेतावर गेलो. कार्यक्रम होऊन तीन दिवस झाले होते.

"माहा दिवस मंग घेतलाच म्या," कौसल्याबाई मला म्हणाल्या. त्यांनी पातळ सोडलं, घडी केली, शर्टाच्या खिशात कोंबलं. बायांना धुऱ्यावरच उभं केलं. पातळ सोडलं की पहिली ओळ नेहमी त्या एकट्या वेचायच्या, काही झालंच तर आधी आपल्याला व्हावं म्हणून. ती पुरी करून परत येईपर्यंत दुसरी कुणी आत पाय टाकायचा नाही. मी थोडं भाषण तयार करून आणलं होतं, आभाराचं. त्यांनी ते अर्ध्यात थांबवलं. "जा आता साहेब, गाडी चुकन. अन् तिकडं बी वाचत जाजो." आणि त्या आत शिरल्या. खाली पडलेली वाळकी पानं पायांखाली चुरचुरत होती.

मी गाडीत बसलो तेव्हा रस्त्यानं विमल येताना दिसली. टेम्पो नव्हता, बबन नव्हता. एकटी, पायी, ओटी कमरेला घरूनच बांधून. ती धुऱ्यावरच्या बायांमधून सरळ पुढे आली आणि कुणाला काही न विचारता शेतात उतरली. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांब.

मागे पानं वाजलेली ऐकून कौसल्याबाई न वळताच ओरडल्या, "कोण हाय वं ते? मांगं राहा म्हटलं ना!"

"सरका ना बाई," विमल म्हणाली. "एकट्याच सारं वावर वेचता का?"

कौसल्याबाई वळल्या नाहीत. वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या. मग एक पाऊल बाजूला सरकल्या आणि शेजारच्या ओळीला लागल्या. विमल त्यांच्या जागी आली. तिचे हात खरंच फार चपळ होते. दहा-बारा झाडांतच ती पुढे निघून गेली.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मला दिसलं ते इतकंच. पांढऱ्या कापसात दोन पाठी, एक पुढे, एक मागे. मागची बाई मध्येच शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होती आणि पुढचीला गाठायला भराभर हात चालवत होती.